दोन्ही बरोबर

बिऱ्हाडे बाईंच्या निरोप समारंभात सात जणांनी भाषणं केली आणि सातही जणांनी "बाई वरून कडक, पण आतून प्रेमळ" हेच वाक्य ऐकवलं. लोकांनी बाईंचा पार फणस करून टाकला. मी तिसऱ्या रांगेत बसून चरफडत होते. एकोणीस वर्षं मी शिक्षक खोलीत त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. बाई वरून रागीट होत्या आणि आतूनही रागीटच होत्या. आपल्याकडे एखादी बाई आयुष्यभर मुद्द्यावरून चिडत राहिली, तर निवृत्तीच्या दिवशी तिच्यावर साखर पेरल्याशिवाय लोकांना चैन पडत नाही. बाईंचा राग साखरेचा नव्हता. तो खराच होता, आणि मला जर कशाबद्दल बोलायचं असेल तर त्याबद्दलच.

धरणगावातल्या आमच्या शाळेत त्या पाचवी ते दहावी गणित शिकवत. बेताची उंची, फिक्या रंगाची सुती साडी, पदर खांद्यावर दोन पिनांनी जखडलेला. नवा खडू हातात आला की आधी तो मधोमध मोडायच्या. अख्खा खडू फळ्यावर किंचाळतो म्हणून. बाकी शाळेत आम्ही सगळ्याजणी 'मॅडम' झालो होतो, या मात्र 'बाई'च राहिल्या. मी विज्ञान शिकवते, माहेर रावेरकडचं, केळीच्या बागांतलं, आडनाव पाटील. मला त्या 'पाटीलबाई' म्हणत, आणि त्या हाकेत नेहमी थोडी तपासणी असे.

वर्गात शिरल्यावर त्या फळ्याच्या उजव्या बाजूला वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ मारायच्या. रेघेच्या डावीकडे गणित, उजवीकडे 'कारण'. पदावलीला सरळ रूप देताना एक पायरी खाली उतरलात की त्या पायरीसमोर गुणधर्माचं नाव लिहायचं. क्रमनिरपेक्ष, साहचर्य, वितरण, अविकारक, व्यस्त. नाव चुकलं तर उत्तर बरोबर असूनही अर्धा गुण. पालक भांडायला येत. एकदा एक वडील वही आपटून म्हणाले, "बाई, उत्तर तं बरोबर शे ना?" बाई म्हणाल्या, "उत्तर शेजारच्याच्या वहीतूनही येतं. याने काय केलं ते मला हवंय."

'तू काय केलंस?' हा त्यांचा प्रश्न साऱ्या शाळेला पाठ होता. उत्तर आलं असं सांगणाऱ्या मुलाला त्या म्हणत, "उत्तर आलं ते दिसलं. तू काय केलंस?"

आठवीच्या वर्गात वर्षातून एकदा त्या कापसाची गाठोडी बांधतात तसला दोर घेऊन जायच्या. तीन पोरांना पुढे उभं करायच्या. पहिल्या दोघांभोवती दोर. "हा कंस." मग दोर सोडून मधल्या आणि शेवटच्या पोराभोवती गुंडाळायचा. "आता सांगा, कोण हललं?" मागच्या बाकावरून आवाज यायचा, "कोनीच नही, बाई! बठ्ठा जागावरच शेतस!" "मग काय बदललं?" "दोर सरकना!" "हे साहचर्य. दोर सरकला, माणसं तिथेच, सोबत बदलली." मग पुन्हा पहिल्या दोघांभोवती दोर बांधून, दोर तसाच ठेवून, त्या दोघांना सबंध गाठोड्यासकट शेवटच्या पोराच्या पलीकडे न्यायचं. पोरं धडपडत, हसत जायची. "आता?" आणि इथे वर्ग हमखास फसायचा. दोर दिसतो म्हणून निम्मी पोरं "साहचर्य!" ओरडायची. बाईंचा राग तिथे सुरू व्हायचा.

"दोर दिसला की साहचर्य, असं कोणी सांगितलं? दोर सुटला का? दोरातून कोणी बाहेर आलं का? कोणी आत शिरलं का? नाही ना? गाठोडं आणि हा पोरगा, या दोघांनी जागा बदलल्या. क्रम बदलला, म्हणजे क्रमनिरपेक्ष. कंसाकडे बघू नका, काय हललं ते बघा!"

हे वाक्य मी शेजारच्या वर्गातून, भिंतीपलीकडून, एकोणीस वेळा ऐकलंय. एकोणीस वेळा ऐकूनही ते माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं, हे पुढे कळेलच.

वर्गाबाहेरही हा हिशेब चालू असे. चौधरी सर मुख्याध्यापक होते तेव्हा त्यांनी एकदा सातवीचा खेळाचा तास मधल्या सुट्टीआधीचा काढून नंतर ठेवला. "काय फरक पडतो बाई, तास तेवढेच." तिसऱ्या दिवशी दोन मुलं जेवून पळाली आणि मैदानातच ओकली. बाई बादली घेऊन सरांच्या दारात उभ्या. "सर, बेरजेत क्रम बदलला तर चालतो. जेवण आणि पळणं यांची बेरीज होत नाही." सरांनी वेळापत्रक बदललं, आणि पुढे वर्षभर बाईंना पर्यवेक्षणाच्या जादा पाळ्या दिल्या. त्याच सरांबद्दल बाई मला म्हणाल्या होत्या, "शून्य आहेत हो. बेरजेत असले तर कोणाचं काही बिघडत नाही. कमिटीत घेऊ नका, तिथे गुणाकार असतो." मी चहा सांडेपर्यंत हसले. त्या हसल्या नाहीत. विनोद केला हे त्यांना मान्यच नव्हतं.

एका गोष्टीवर मात्र त्यांचा राग आवाज चढवून येत नसे, खाली उतरून येई. कोणी ४(क्ष + ६) हे ४क्ष + ६ असं सोडवलं की त्या त्या मुलाजवळ जाऊन हळू आवाजात विचारायच्या, "याला का नाही वाढलंस?" बोट सहावर. "चार वाढायला आला. पहिल्या पानावर वाढलं आणि पळाला. दुसरा बसलाय ना कंसात?" मुलाला वाटे, बाई गंमत करतायत. मीही तसंच समजत होते. एकदा डबा खाताना मी म्हटलं, "तुमची ती पंगत मुलांना आवडते बरं का."

त्यांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "माझे वडील गावातल्या लग्नांना जायचे. आमच्या लोकांची पंगत शेवटी, अंगणाच्या कडेला. वाढणारा तिथवर येईपर्यंत भाजी संपलेली असायची. नुसता रस्सा. सगळ्यांना वाढलं, असंच सगळे म्हणायचे." मग भाकरी पुन्हा उचलून म्हणाल्या, "म्हणून मला तो सहा नुसता सहा दिसत नाही, पाटीलबाई." आमच्या घरच्या लग्नांत अंगणाच्या कडेला कोण बसायचं ते मला आठवत होतं.

आता रोशनीबद्दल.

रोशनी चौरे साक्री तालुक्यातल्या डोंगरातल्या एका पाड्यावरची. तिथली शाळा चौथीपर्यंत. मावशी इथे कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होती, म्हणून ती धरणगावात आली आणि आठवीपर्यंत आमच्याकडे शिकली. हडकुळी, अबोल, बोललीच तर पुस्तकी मराठी, कारण डोंगराकडच्या हेलात बोलली की वर्ग हसायचा. गणितात तिच्या उजव्या बाजूचा रकाना कधी रिकामा नसे. बाईंनी तिचं कौतुक केलेलं मी ऐकलं नाही. फक्त तिची वही तपासताना त्यांच्या कपाळावरची आठी जात असे.

त्या वर्षी मावशी नवऱ्याबरोबर सुरतेला कायमची जायची होती. म्हणजे रोशनी परत पाड्यावर, आणि पाड्यावर नववी नाही. एकच वाट होती. आमच्या संस्थेच्या दोन जिल्ह्यांतल्या शाळांची मिळून एक परीक्षा होते, आणि पहिल्या येणाऱ्या मुलीला धुळ्याच्या वसतिगृहात बारावीपर्यंत मोफत जागा मिळते. जागा एकच. बाईंनी जानेवारीपासून तिला शाळा सुटल्यावर तासभर बसवलं. मीही दोन-तीनदा विज्ञान घेतलं, हे सांगितलं पाहिजे, कारण पुढचं ऐकल्यावर कोणाला पटणार नाही.

निकाल लागला. धुळ्याच्या एका मुलीला सत्त्याऐंशी. रोशनीला शहाऐंशी.

दुसऱ्या दिवशी बाईंनी प्रश्नपत्रिका आणि उत्तरसूची माझ्यासमोर टेबलावर ठेवली. "त्रेचाळिसावा वाचा." मी वाचला. (१८ + २५) + ७ = ७ + (१८ + २५), हे कोणत्या गुणधर्मामुळे? मी म्हटलं, "साहचर्य."

"काय हललं?"

मी पुन्हा पाहिलं. अठरा आणि पंचवीस कंसात तसेच. कंस तसाच. सात पलीकडून अलीकडे आलेला. माझे कान तापले. रोशनीने 'क्रमनिरपेक्ष'वर खूण केली होती. त्या धुळ्याच्या मुलीने 'साहचर्य'वर, हे बाईंनी आधीच विचारून घेतलं होतं. सूचीत साहचर्य. आणि सूचीच्या तळाशी 'पडताळणी केली' या शिक्क्याखाली दोन सह्या होत्या, त्यातली एक माझी. शंभर उत्तरं मी अर्ध्या तासात तपासली होती. गणिताची सूची विज्ञानाच्या बाईकडे का दिली असं मी विचारलं नाही, कारण पडताळणीला नाव असणं मला आवडलं होतं.

सूची सुधारली तर रोशनीचा एक वाढणार, त्या मुलीचा एक कमी होणार. सत्त्याऐंशी आणि शहाऐंशी, उलट्या बाजूंनी. बाईंनी अर्ज लिहून आणलाच होता. मला म्हणाल्या, "तुम्ही फक्त एवढं सांगायचं, की चूक झाली." मी म्हटलं, "सांगते ना. माझी चूक आहे, मीच सांगते." खरंच सांगायचं होतं मला.

धुळ्याला संस्थेच्या कार्यालयात दुपारी बैठक झाली. सचिवांना सगळे आबा म्हणत. पाच पुरुष आणि आम्ही दोघी. आबा म्हणाले, "बाई, दोन्ही बाजूंना पन्नासच येतात ना? मग एवढं काय?"

"आबा, किती येतात असं विचारलंच नाहीये. काय केलं असं विचारलंय."

"ते पुस्तकी झालं."

"परीक्षा पुस्तकाचीच होती."

एक जण हसला. बाईंनी समोरचा चहाचा ट्रे ओढला. ट्रेमध्ये दोन कप ठेवले, एक बाहेर. "हे दोन ट्रेमध्ये, हा बाहेर." मग ट्रे उचलून कपाच्या दुसऱ्या बाजूला ठेवला. "ट्रेमध्ये कोणी शिरलं? ट्रेमधून कोणी निघालं? नाही. ट्रे आणि कप यांनी जागा बदलली, बस. याला साहचर्य म्हणणारा माणूस गणित शिकवत असेल तर त्याने शिकवू नये, आणि सूचीवर सही करत असेल तर त्याने करू नये."

समजलं होतं सगळ्यांना. मी शपथेवर सांगते, पाचही जणांना त्या क्षणी समजलं होतं. पण निकाल जाहीर झालेला, त्या मुलीच्या शाळेने फलक लावलेला, पेढे वाटलेले. आबांनी बाईंकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे वळून, अगदी घरातल्या माणसासारखे म्हणाले, "पाटील मॅडम, पडताळणी तुमची. तुमचं काय म्हणणं?"

जूनमध्ये शाळेत पर्यवेक्षकाची जागा भरायची होती. ती आबा भरणार होते. मी त्यामुळे बोलले, की पाच पुरुषांसमोर 'मी चुकले' हे तोंडातून निघेना म्हणून, हे मला आजही ठरवता येत नाही. मी म्हणाले, "तसं पाहिलं तर... दोन्ही बरोबर धरता येतील."

दोन्ही बरोबर! या दोन शब्दांइतकं नीच मी आयुष्यात काही बोलले नाही. खोटं बोलले असते तर निदान कोणी पकडलं असतं. आबांचा चेहरा खुलला. "झालं तर! दोघींना गुण देऊ." रोशनीचे सत्त्याऐंशी झाले, त्या मुलीचे सत्त्याऐंशी राहिले, आणि समान गुण असतील तर आधी जाहीर झालेला निकाल कायम, असं कलम कोणीतरी लगेच वाचून दाखवलं. कुणावरही अन्याय झाला नाही, असं इतिवृत्तात लिहिलं. त्यावरही माझी सही आहे.

परतीच्या एसटीत बाई माझ्या शेजारी बसल्या नाहीत. धरणगावला उतरल्यावर एवढंच म्हणाल्या, "चूक होती, ती खोडता आली असती. तुम्ही ती खरी करून दिलीत." त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानंतर निवृत्तीपर्यंत त्या माझ्याशी कामापुरतं, नीट, व्यवस्थित बोलल्या. शेजारच्याच खुर्चीवर बसून.

मग तो समारंभ, ते फणसाचं वाक्य. सात वक्त्यांनंतर मुख्याध्यापकांनी मला बोलायला बोलावलं. मी उठले नाही. घसा बसलाय अशी खूण केली.

जूनमध्ये मी पर्यवेक्षक झाले. हो, झाले. मिळालेली जागा मी नाकारली नाही, तेव्हा माझ्याबद्दल कोणी हळहळू नये.

जुलैत शाळेचे कागद घेऊन धुळ्याला गेले होते. बसस्थानकावर साक्रीच्या फलाटाशी बाई उभ्या दिसल्या, आणि त्यांच्याबरोबर रोशनी. पत्र्याची पेटी, एक कापडी पिशवी. मला पाहून रोशनी हसली आणि पुढे आली. "नमस्कार मॅडम. साक्रीच्या पुढे आश्रमशाळेत नववीची एक जागा निघाली. आज शेवटचा दिवस आहे." बाईंनी महिनाभर सात शाळांचे उंबरे झिजवले होते, हे तिच्याच तोंडून कळलं. मी काहीतरी करायचं म्हणून तिच्या हातातली पिशवी घेतली. आतमध्ये भांड्यांचा आवाज झाला. ती हसतच होती, आणि ते हसू मला सहन होईना.

बाई म्हणाल्या, "पाटीलबाई, मी हिला सांगितलेलं नाही."

मला कळलं. तरी मी विचारलं, "काय?"

"ते माझं सांगायचं नाही. गाडी सुटायला दहा मिनिटं आहेत."

रोशनी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. माणसं धक्के देत जात होती, कंडक्टर पाटी बदलत होता. मी तिला सांगितलं. सूची चुकलेली होती, सही माझी होती, आणि बैठकीत मला विचारलं तेव्हा मी दोन्ही बरोबर म्हणाले. वाक्यं लहान होती, तरी मध्ये दोनदा थांबावं लागलं.

तिने पेटी खाली ठेवली. मग म्हणाली, "तुमले माहीत व्हतं, मॅडम?"

आमच्याशी ती असं कधी बोलली नव्हती.

"हो."

"बैठकमा बठेल व्हत्यात तव्हय? तव्हयबी माहीत व्हतं?"

"हो. तेव्हाही."

तिचा चेहरा तापत गेला. मला वाटलं रडेल, आणि मी, देवा, मी त्या रडण्याची वाट पाहिली, म्हणजे मला तिच्या पाठीवर हात ठेवता आला असता. ती रडली नाही. तिने माझ्या हातातून पिशवी काढून घेतली, पेटी उचलली आणि गाडीत चढली. नमस्कार केला नाही.

"तिला काहीतरी सांगा ना, बाई," मी म्हटलं.

"काय सांगू? जाऊ दे म्हणू? मी कोणाला असं म्हटलेलं तुम्ही ऐकलंय?" निऱ्या सावरत त्या पायऱ्या चढल्या.

खिडकीतून दोघी दिसत होत्या. रोशनी समोरच्या सीटच्या दांड्याला धरून बसली होती. बाई तिच्या शेजारी बसल्या. त्यांनी तिला जवळ घेतलं नाही, समजावलं नाही. फक्त खिडकीकडची जागा तिला दिली आणि स्वतः बाहेरच्या कडेला बसून दोघींची तिकिटं मागितली. गाडी मागे सरकली, वळली, फाटकातून बाहेर पडली. त्या पोरीने खिडकीतून माझ्याकडे पाहिलं, सरळ पाहिलं, आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत नजर काढली नाही. मीच खाली पाहिलं.